ग्राफिक्स कार्ड बदलायचे, पण कोणत्या पैशांतून?

(शाखेतील वित्तीय साक्षरता शिबिरात तरुण खातेदार व त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुदत ठेव मुदतीआधी मोडायला खातेदार येतात तेव्हा आम्ही कारण विचारतोच असे नाही, पण बहुतेक जण आपणहून सांगतात. दवाखाना, कॉलेजची फी, घराची गळती, बहिणीचे लग्न. गेल्या काही वर्षांत या कारणांत एक नवे कारण आले आहे, गेमिंगच्या कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड. आज त्यावरच बोलू. विषय छोटा वाटेल, पण खर्च वीस ते चाळीस हजारांचा असतो आणि महिन्याला पंचवीस हजार कमावणाऱ्या घरात तो छोटा नाही.

पालकांसाठी आधी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डवर बसणारा, स्वतःचे पंखे असलेला हा भाग. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ-सत्तर वेळा नव्याने काढायचे काम तो करतो. नवे गेम जड होत जातात, जुन्या कार्डाला ते झेपत नाहीत आणि चित्र अडखळते. मुले 'लॅग होतंय' म्हणतात ते बऱ्याचदा हेच, पण दर वेळी नाही. त्याकडे थोड्या वेळाने येते.

खेळ म्हणजे पैसे वाया, असे सांगायला मी उभी नाही. तीस हजारांचे कार्ड चार वर्षे वापरले आणि आठवड्याला दहा तास खेळले, तर तासाला साधारण १४ रुपये पडतात. इतक्या पैशांत शहरात एक कप चहा येतो. मात्र आठवड्याला तीनच तास मिळत असतील, तर तोच तास ४८ रुपयांचा होतो. स्वतःचे तास प्रामाणिकपणे मोजा. नोकरी लागल्यावर खेळायचा वेळ निम्म्याहून कमी होतो, हे इथल्या अनेकांनी अनुभवले असेल.

आता एक प्रकरण सांगते. खातेदाराची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तेवीस वर्षांचा मुलगा, गोदामात कामाला, पगार २४ हजार, त्यातले दहा हजार घरी देतो. वडील रिक्षा चालवतात. आईच्या आणि त्याच्या नावे ५० हजारांची दोन वर्षांची ठेव होती, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' या पद्धतीची. मुदत संपल्यावर अशा ठेवीचे पैसे एकाच्या सहीने मिळतात. मुदतीआधी मोडायची असेल आणि दोघेही हयात असतील, तर दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे आईला शाखेत यावे लागले. फॉर्म भरून झाला, सहीसाठी पेन हातात घेतले आणि त्यांनी मुलाला विचारले, "जुनं बंद पडलंय का रे?"

तो म्हणाला, "नाही, चालतंय. पण नवे गेम अडकतात."

"मग सगळेच अडकतात का काही काही?"

त्याच्याकडे याचे उत्तर नव्हते. मला विचाराल तर पैसे काढण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. त्या बाईंना ग्राफिक्स कार्ड कशाशी खातात हे माहीत नव्हते, पण घरातला मिक्सर दुरुस्तीला टाकायचा की नवा घ्यायचा हे ठरवताना त्या जे विचारतात, तेच त्यांनी इथेही विचारले. फॉर्म मी टेबलावर ठेवला आणि त्याला म्हटले, घरी जाऊन दोन गोष्टी तपासा, मग या. ठेव कुठे पळत नाही.

त्या दोन गोष्टी तुम्हीही लिहून घ्या, पैसा लागत नाही. गेम चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू किती टक्के वापरात आहे ते पाहा. तो सतत ९५ ते १०० टक्क्यांवर असेल आणि तरी चित्र अडखळत असेल, तर कार्ड कमी पडते आहे. कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर असून गेम अडखळत असेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची आहे आणि तीस हजारांचे कार्ड घालूनही ती तशीच राहील. दुसरी चाचणी याहून सोपी. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. वेग एकदम वाढला तर भार कार्डावर होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे शोधा.

त्या मुलाकडे ४ जीबीचे जीटीएक्स १६५० होते. २०१९ मध्ये आलेले हे कार्ड त्या काळी कमी बजेटच्या कॉम्प्युटरमध्ये खूप बसवले गेले. तो रोज रात्री मित्रांबरोबर एकच ऑनलाइन गेम खेळतो. त्यात कार्ड ६० टक्क्यांच्या आसपास होते आणि ८ जीबी रॅम मात्र काठोकाठ भरलेली. नव्या मोठ्या गेममध्ये कार्ड ९९ टक्के, तेही खरे. म्हणजे रोजच्या खेळाचा त्रास रॅमचा आणि रविवारच्या खेळाचा त्रास कार्डाचा. रॅमची आणखी एक पट्टी घातली की पहिला त्रास बराचसा जातो आणि तिची किंमत कार्डाच्या किमतीचा एक लहान भाग असते. पट्टी घेताना आधीच्या पट्टीच्या जातीची आणि वेगाची घ्या, दुकानदाराला जुन्या पट्टीचा फोटो दाखवा.

आणखी काही फुकटचे उपाय आहेत. आपल्याकडे धूळ इतकी असते की वर्ष-दोन वर्षांत कार्डाचे पंखे आणि जाळी बुजून जातात, कार्ड तापते आणि आपणहून वेग कमी करते. ब्लोअरने साफ केल्यावर 'जुने झालेले' कार्ड सुधारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणली की ४ जीबीच्या कार्डावरचा ताण लक्षात येण्याइतका उतरतो. एएमडीचे एफएसआर हे तंत्र दुसऱ्या कंपनीच्या जुन्या कार्डांवरही चालते. ज्या गेममध्ये ते असेल, तिथे चालू करून बघा.

आणि मॉनिटर पाहा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्डाने १४० काढली तरी पडद्यावर साठच उमटणार. स्पर्धा खेळणाऱ्यांना त्यातही किंचित फरक जाणवतो असे ते सांगतात, असेल. पण घरी ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि नव्या कार्डाने दुप्पट वेग मिळेल ही अपेक्षा, यांचा मेळ बसत नाही.

समजा, हे सगळे तपासले आणि कार्डच बदलायला हवे असे ठरले. आता पूर्ण खर्च काढू. इथे मुले एकच आकडा सांगतात, कार्डाचा. जीटीएक्स १६५० ची ठरलेली कमाल वीज ७५ वॅट आहे. तिची अनेक मॉडेले ती थेट मदरबोर्डच्या खाचेतून घेतात, वेगळी वायर लागत नाही. म्हणून तयार मिळणाऱ्या स्वस्त कॉम्प्युटरमध्ये साधा एसएमपीएस टाकून काम भागवलेले असते. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात. तिला वेगळी वायर जोडावी लागते आणि कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. मग तीस हजारांच्या कार्डाबरोबर चार-पाच हजारांचा चांगला एसएमपीएस आला. तिथे पैसे वाचवू नका. हलका एसएमपीएस जळताना कधीकधी शेजारचे भागही घेऊन जातो. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हे टेप लावून बघा. मदरबोर्ड जुना असेल तर ४०६० सारखे कार्ड त्यावर चालते, पण पूर्ण वेग देत नाही, कारण ते कार्ड आठच मार्गिका वापरते आणि जुन्या बोर्डावर त्या मार्गिका निम्म्या गतीच्या असतात. फरक फार मोठा नसतो, पण आधी माहीत असावा.

विजेचे बिल पालक हमखास विचारतात. जुन्यापेक्षा १०० वॅट जास्त खाणारे कार्ड रोज तीन तास चालवले, तर महिन्याला ९ युनिट वाढतात. युनिटला आठ रुपये धरले तर ७२ रुपये. यावरून घरात भांडण नको.

आता 'लगेच घेऊ की थांबू' हा प्रश्न. याला एकच उत्तर नाही आणि गेल्या काही वर्षांचा इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला बाजारात आले, ४०६० जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला आणि ५०६० मे २०२५ मध्ये पुन्हा २९९ डॉलरलाच. साधारण दर दोन वर्षांनी त्याच किमतीला थोडे अधिक वेगवान कार्ड येते. पण २०२१ मध्ये जाहीर किमतीला कार्ड मिळतच नव्हते. महामारीत पुरवठा आटला आणि इथेरियमचे खाणकाम करणारे लोक कार्डे गठ्ठ्याने उचलत होते. दुकानांत दुप्पट भाव चालू होता. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे ते खाणकाम थांबले आणि वापरलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. त्यामुळे भाव चढलेले असताना घाईने घेऊ नये, एवढेच मी म्हणेन. आणि डॉलरचा आकडा पाहून दुकानदार लुटतो असे समजू नका. २९९ डॉलर म्हणजे २०२३ च्या सुमारे ८२ रुपये दराने साडेचोवीस हजार होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २९ हजारांच्या जवळ जातात. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो.

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत रोख किंवा यूपीआयने दिले तर ऑनलाइनपेक्षा भाव थोडा कमी होतो. मात्र जीएसटीचे बिल आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. वॉरंटी त्या क्रमांकावर चालते. बिल नको म्हणाल तर हजार रुपये कमी करतो, असे कोणी म्हटले तर ते हजार रुपये तुमच्या वॉरंटीतूनच कापले जात आहेत.

आता माझ्या कामाचा भाग, पैसे कुठून द्यायचे.

दुकानात आणि ऑनलाइन मोठ्या अक्षरांत 'नो कॉस्ट ईएमआय' लिहिलेले असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, ते व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने लपलेले असते. क्रेडिट कार्डावर हे कसे चालते ते आकड्यांत पाहू. किंमत ३० हजार, ९ हप्ते, बँकेचा दर १५ टक्के. विक्रेता तुम्हाला सुमारे १,७९२ रुपयांची सूट दाखवतो, म्हणजे बँक २८,२०८ रुपयांचे कर्ज देते. दर महिन्याला ३,३३३ रुपये भरून तुम्ही ३० हजार फेडता. इथपर्यंत हिशोब बरोबर जुळतो. पण त्या १,७९२ रुपये व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो, ३२३ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५ रुपये. झाले ५५८. आणि तेच कार्ड रोखीने दीड हजार कमी भावात मिळत होते असे समजा. मग 'नो कॉस्ट'ची किंमत दोन हजारांच्या पुढे गेली. एखादे बिल पूर्ण भरता आले नाही, तर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचा हिशोब तुम्हीच करा.

फायनान्स कंपनीकडून कर्ज घेत असाल तर आणखी एक हक्क लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ग्राहकाला मुख्य तथ्यांचे एक पत्रक द्यावे लागते. त्यात एपीआर, म्हणजे सगळी शुल्के धरून येणारा वार्षिक दर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते पत्रक मागा आणि तो एक आकडा वाचा. क्रेडिट कार्डावरच्या रकमांना हा नियम लागू नाही, म्हणून तिथे हिशोब आपण स्वतः करायचा.

ठेव मोडण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की दंडात फार पैसे जातात. त्या मुलाची ठेव ७ टक्क्यांची होती, १४ महिने झालेले. तेवढ्या मुदतीला लागू दर ६.७५ आणि मोडल्याबद्दल अर्धा टक्का वजा, म्हणजे ६.२५. फरक होतो साडेचारशे रुपयांच्या आसपास. दंडाची भीती घालून मी त्याला थांबवले असते तर ते खोटे ठरले असते. खरी अडचण अशी होती की त्या ५० हजारांखेरीज घरात तातडीला हात घालता येईल असा पैसाच नव्हता. वडिलांची रिक्षा पंधरा दिवस गॅरेजमध्ये राहिली, तर घर त्याच्या उरलेल्या १४ हजारांत चालवावे लागले असते. ग्राफिक्स कार्ड विकून त्या आठवड्यात किती येतात? घाईत विकणाऱ्याला निम्मी किंमतही कोणी देत नाही.

ठेवीवर कर्ज हा तिसरा मार्ग आहे. ठेव तशीच राहते, बँक तिच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देते आणि व्याज साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त असते. ३० हजार ८ टक्क्यांनी घेऊन दर महिन्याला ३ हजार परत केले, तर दहा महिन्यांत व्याज ११०० रुपयांच्या आसपास होते. कार्डाच्या थकबाकीपेक्षा हे कितीतरी स्वस्त, पण फिटेपर्यंत ती ठेव अडकलेली असते, अडीअडचणीला पूर्ण हाताशी येत नाही. वरचे आमच्या काउंटरचे आकडे आहेत असे समजू नका, समजावण्यासाठी धरले आहेत. तुमच्या बँकेचा दर विचारून घ्या.

मी त्या मुलाला आवर्ती ठेव सुचवली. महिन्याला ३ हजार, दहा महिने, साडेसहा टक्के दर धरला तर ३० हजारांवर सुमारे ९०० रुपये व्याज मिळते. ईएमआयचा हप्ताही जवळपास एवढाच होता. फरक हप्ता चुकल्यावर कळतो. आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला तर बँक शेकडा रुपया-दीड रुपया दंड घेते आणि विषय संपतो. कर्जाचा चुकला तर तो सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे नोंदला जातो. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला कळवायचा नियम आला, त्यामुळे चूक आता लवकर दिसते. पुढे दुचाकीसाठी किंवा घरासाठी कर्ज मागताना ती समोर येते. दहा महिने जुन्या कार्डावर काढावे लागतात, हा तोटा आहेच आणि तो मी लपवत नाही. त्याने रॅमची पट्टी पगारातून घेतली, आवर्ती ठेव उघडली, ती अजून चालू आहे. मुदत संपल्यावर कार्ड घ्यायचे की नाही ते तोच ठरवील. पन्नास हजारांची ठेव जागेवर आहे.

'मी व्हिडिओ एडिटिंगही करतो, कार्ड कमाईसाठी आहे' असे काही जण सांगतात. खरे असेल तर फारच चांगले. अशा वेळी गेल्या सहा महिन्यांचे पासबुक उघडा आणि एडिटिंगच्या कामाचे किती रुपये जमा झाले ते मोजा. पुढे मिळतील ते धरू नका. जमा झालेले धरूनही सहा-आठ महिन्यांत कार्डाची किंमत निघत असेल, तर हा खर्च खेळाचा राहत नाही आणि माझी वरची बरीचशी बडबड तुम्हाला लागू नाही.

शेवटी जुन्या कार्डाच्या खरेदी-विक्रीबद्दल, कारण फसवणुकीच्या तक्रारी इथूनच येतात. जुने घेताना मूळ बिल मागा, कार्डावरचा क्रमांक बिलाशी जुळवा, वॉरंटी किती उरली ते पाहा आणि पैसे देण्याआधी एखादा जड गेम अर्धा तास चालवून दाखवायला सांगा. खाणकामात दिवसरात्र चाललेली कार्डे बाहेरून चकचकीत दिसतात, पंखे मात्र खडखडतात. न पाहता, कुरिअरने मागवताना आगाऊ पैसे पाठवू नका.

विकताना धोका उलट्या बाजूने येतो. खरेदीदार भाव न करता लगेच तयार होतो, आपण सैन्यात किंवा दुसऱ्या गावी असल्याचे सांगतो, 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. असे झालेच तर बँकेची वेळ होण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता बरीच असते.

आवर्ती ठेवीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. ठेव मोडायचा फॉर्मही तिथेच आहे, तो मी काढून ठेवलेला नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.